वजन वाढवा, आजोबा

प्रिय प्रीती,

जयभीम. शेजारचे मनोहरराव भिवापूरला येत आहेत, त्यांच्या हाती ही थैली पाठवली आहे. जड लागली म्हणून घाबरू नकोस. धान्य नाही, भांडी नाहीत. थैलीला मी दुहेरी शिवण मारली, वरून सुतळी बांधली, तरी मला वाटते की बसमधून उतरताना तिचं बूड फाटेल आणि कोणाच्या पायावर पडेल. मनोहररावांना सारखं तेच सांगत होतो, तर ते म्हणाले, "नत्थूभाऊ, थैली मी नेऊन राहिलो, घाम तुमाले काहून येऊन राहिला?" आधी पत्र वाच, मग थैली उघड.

मोठी बातमी ही की माझी शुगर खाली आली. काल सदर भागातल्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीचा कागद पाहिला आणि म्हणाले की आता काठावरही नाही, बरोबर आहे, फक्त जे करता ते सोडू नका. मला खरं वाटेना. कागद दुसऱ्या कोणाचा तर नाही ना, म्हणून मी नाव पुन्हा वाचायला लावलं. तुझी आई बाहेर आल्यावर पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मला म्हणाली, "आता तरी नीट जेवसाल का जी?" घरी आल्यावर दोघं पोटभर जेवलो आणि मी दुपारी असा झोपलो की चहाला उठवावं लागलं.

तुला माहीत नसेल, उन्हाळ्यात डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले की शुगर काठावर आहे, तेव्हा माझं काय झालं. मला आपले बापूजी दिसले. माझा मोठा भाऊ, बाजारात दोन माणसांचं काम एकटा करायचा, आणि शेवटी शुगरमुळे घोट्यापासून पाय कापावा लागला. तू लहान होतीस, त्यांची एकच चप्पल दाराशी पाहून दुसरी शोधत बसली होतीस. ती चप्पल माझ्या डोक्यातून जाईना. सकाळी उठलो की आधी पायाची बोटं चिमटून पाहायचो. दुखलं की बरं वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, चाला, गोड कमी करा, आणि वजनं उचला. मला हसू आलं. मिरची बाजारात जन्मभर पोती उचलली, आता म्हातारपणी लोखंड उचलू? आणि इतकं उचलूनही शुगर आलीच ना? पण हुडकेश्वरच्या आपल्या विहाराच्या हॉलमध्ये भावना नावाची मुलगी सकाळी म्हाताऱ्यांचा व्यायाम घेते. ती शिकलेली आहे, पण बोलते आपल्यासारखी. तिनं सांगितलं, "आजोबा, तुमी काम सोडलं तसं तुमचं मांस बी झडून गेलं. जेवणातली साखर मांसातच जाते. मांसच नाही राहिलं तर साखर जाईन कुठं?" तेव्हा मला एकदम उमजलं. बाजारात ट्रक येऊन उभा आहे आणि माल उतरवायला हमालच नाहीत, मग रस्ता तुंबणारच. शुगर म्हणजे तो उभा ट्रक. वजन उचललं की अंगात पुन्हा हमाल भरती होतात, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. भावनाला सांगितलं तर ती म्हणाली की आता सगळ्यांना असंच समजावीन.

सुरुवातीला खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, मग हातात छोटे डंबेल. मला भीती की छातीत काही होईल, कमरेत उसण भरेल. यमुताई, माझ्याहून मोठी बाई, शेजारी उभी राहून म्हणायची, "नत्थू, लोखंड आहे ते, साप नाही. पकड ना गा!"

मग तो घोळ झाला. एका शनिवारी निघताना भावना म्हणाली, "आजोबा, पुढच्या हप्त्यात वजन वाढवा." मी घरी येईपर्यंत घामेजलो. डॉक्टर म्हणतात वजन वाढू देऊ नका, ही म्हणते वाढवा. कोणाचं ऐकायचं? विचारायला जावं तर ती म्हणेल म्हाताऱ्याला समजत नाही. तुझ्या आईनं निकाल दिला, "डाक्टर सदरचा, पोरगी आपली. पोरीचं ऐका." तिनं तुपातले लाडू केले. गुळाचे केले, म्हणजे साखर नको म्हणणाऱ्या डॉक्टरांचंही मन राहील. मी डोळे मिटून औषधासारखे खाल्ले. खाताना बोटं चिमटत होतो.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर वजनाच्या काट्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "वाढवलं बाई, तू सांगितलं तसं." भावना काट्याकडे पाहते, माझ्याकडे पाहते. मग म्हणाली, "अजी आजोबा, डंबेलचं म्हटलं होतं, तुमचं नाही!" हॉलभर हसू फुटलं. यमुताई तर भिंतीला टेकली. त्या दिवसापासून मला सगळे वजनदार आजोबा म्हणतात. गूळ पण साखरच, हेही तेव्हाच समजलं. राहिलेले लाडू मनोहररावांकडे दिले, ते अजून नाव काढतात.

ते लाडू खात होतो त्याच आठवड्यात तू आली होतीस. तुझ्या आईनं डबा पुढे केला, तू घेतला नाहीस. चहा पण बिनसाखरेचा मागितलास. दात दुखतो म्हणालीस. मी लवंग शोधून दिली, ती तू दाढेत धरून बसलीस. निघताना आईला विचारत होतीस की बापूजींना आधी काय त्रास व्हायचा. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

परवा अमोलचा फोन आला. "बाबा, ते वजनं कोणत्या दुकानात भेटते?" मी विचारलं कोणासाठी, तर म्हणाला दोस्तासाठी. कोणता दोस्त म्हटलं, तर जावईबापू खरं बोलून गेले. त्याला रागावू नकोस, त्याला खोटं बोलता येत नाही. तो एवढंच म्हणाला की तुझी शुगर काठावर आली आहे, आणि बाबाला सांगू नका, ते जेवण सोडतील, असं तू बजावलं आहेस. प्रीती, दात दुखत नव्हता ना वं?

थैलीत माझे पहिले छोटे डंबेल आहेत. मी आता मोठे उचलतो. दिवसभर शिलाई मशीनवर बसतेस, मधून मधून उठत जा, आणि हे कसे उचलायचे ते तिथल्या डॉक्टरांना आधी विचार. वजन वाढवा म्हणाले तर कोणतं, तेही विचारून घे. बाजारात कितीही दांडगा गडी असला तरी पोतं पाठीवर एकट्यानं घेत नव्हता. आधी हाक मारायचा, "हात दे गा!" मग दुसरा येऊन पोत्याला हात लावायचा, तेव्हाच ते उठायचं. बापूजींनी त्यांचं दुखणं कोणालाच सांगितलं नव्हतं. तू सांग. पत्र मिळालं की फोन कर आणि शुगर किती आली ते मलाच सांग, आईला नको. मी घाबरीन. पण मी तर थैलीलाही घाबरलो होतो, आणि ती तुझ्यापर्यंत पोचली ना?

तुझाच,
वजनदार बाबा