काचेमागचं सर्टिफिकेट

धाकटे,

तुझा डावा डोळा अजून नीट मिटत नाही, असं आई म्हणाली. पापणीच्या ऑपरेशनआधी तू मला विचारलं होतंस, "ताई, तुमचे डॉक्टर सर्जन आहेत ना नक्की?" मी रिसेप्शनवरूनच भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं. "अगं, उगाच काय शंका काढतेस!"

सहा वर्षं रोज सकाळी ती काच मीच पुसते. परवा पहिल्यांदा आतलं वाचलं. दातांचे डॉक्टर, पापण्यांच्या दोन दिवसांच्या शिबिराला हजर. बस, एवढंच.

तू नशिबाला बोल लावतेस म्हणे. थकले गं मी. हे पत्र टाकायचंही बळ नाही.

आज एका बाईने तुझाच प्रश्न विचारला, डॉक्टर सर्जन आहेत ना म्हणून. माझं बोट सवयीने भिंतीकडे गेलं.

तुझीच,
ताई