तुझ्या नावावरची फुंकर

प्रिय चिमण्या,

तुझं पाकीट परवा मिळालं. आत तुझी चिठ्ठी दोन ओळींची आणि वकिलाचा कागद दोन पानांचा. चष्मा पुसून तीनदा वाचला. सोमवारी कोर्टात मला काय विचारतील आणि मी काय सांगायचं, ते सगळं त्यात मांडून दिलंय. चालकाची तपासणी तुम्हीच केलीत ना? हो. यंत्रावर आकडा काय आला? शून्य. चालकाच्या बोलण्याचालण्यात काही वावगं दिसलं? नाही. आणि खाली तुझ्या अक्षरात, ‘दाजी, एवढं पाठ करा. तुमच्या एका शब्दावर मी सुटतो.’ वा रे पठ्ठ्या. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, गाड्या धुता धुता त्यांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलो, आणि आता साठी आल्यावर माझ्या मेव्हण्याने मला धडा पाठ करायला दिलाय.

घरचं म्हणशील तर ठीक आहे. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना शिव्या देतो. तुझी ताई बोलत नाही फारशी. भांडी घासते, पुसते, पुन्हा घासते. परवा म्हटलं, अगं त्या पातेल्याचा पत्रा झिजेल. तर म्हणाली, झिजू दे. अपघातानंतरच्या आठ महिन्यांत माणूस किती बदलतं बघ. पूर्वी तुझं नाव निघालं की तिच्या तोंडाला खळ नसायची. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा, ती पंधराची. एवढासा घास खायचास म्हणून चिमण्या. आता दोन माणसांचा घास एकटा खातोस, पण नाव तेच राहिलं. लग्न ठरताना तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, मी एकटी येणार नाही, हा बरोबर येणार. मी म्हटलं, येऊ दे, चिमणीएवढं पोर, कितीशी जागा लागणार!

तुला आठवतं का ते मला ठाऊक नाही, पण मला रोज आठवतं. बसडेपोच्या मागच्या पटांगणात दोन बादल्या ठेवून मी तुला गाडी मागे घ्यायला शिकवायचो. बादलीला धक्का लागला की तू उतरून आधी बादलीला चेपलं का ते बघायचास. मी हसायचो. म्हणायचो, अरे गाडीचं बघ, बादलीला काय होतंय. तू म्हणालास, दाजी, तिने काय केलंय, ती तर उभीच होती. तुझं हे बोलणं मी डेपोभर सांगत हिंडलो होतो. साहेबांपुढे उभा राहून म्हणालो होतो, या पोराला माझ्या शब्दावर घ्या. तेव्हा माझ्या शब्दाला डेपोत वजन होतं.

ते वजन कशाने आलं होतं, तेही तुला माहीत आहे. शेवटची अकरा वर्षं मी फाटकाजवळच्या त्या काचेच्या खोपटात चालकांची दारू तपासायला बसलो. चालक आला की नवी नळी लावायची, तो फुंकणार, यंत्र आकडा दाखवणार, चिठ्ठी बाहेर येणार, ती त्याच्या नावापुढे वहीत डकवायची आणि मग चावी द्यायची. तुम्ही सगळे मला फुंकरमास्तर म्हणायचात. कोणी विचारायचं, मास्तर, आज कोणाचा वाढदिवस, मेणबत्ती कुठाय? कोणी म्हणायचं, बायको विचारते तेवढं बस झालं की, तुम्ही कशाला? मीही हसायचो, पण चावी देत नव्हतो. मोठ्या साहेबांच्या भाच्याला मी तीन वेळा परत पाठवलं, तेव्हा साहेब स्वतः खोपटात आले आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी यंत्र त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, तुम्हीही फुंकायचंय का? डेपोत महिनाभर हसत होते लोक. मला वाटलं, आपण म्हणजे पोलादाचे झालो. पोलाद कसलं! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढीच माझी जात.

आता त्या सकाळचं लिहितो. तुला ते नको असणार. पण तू आणि मी आजवर ते एकदाही तोंडाने बोललो नाही, म्हणून लिहायलाच हवं. आदल्या दिवशी तुझ्या दोस्ताच्या निरोपाची पार्टी होती. आमचं घर डेपोजवळ, म्हणून तू झोपायला आमच्याकडे आलास. किती वाजता आलास ते मला कळलं नाही, मी लवकर आडवा झालो होतो आणि पहाटे कामावर निघून गेलो. सहाला पाच कमी असताना तू खोपटाच्या खिडकीशी आलास. आंघोळ केलेली, दाढी गुळगुळीत, लवंग चघळत होतास. डोळे मात्र पिकलेल्या फोडासारखे. म्हणालास, झोपलोय ना चार तास, उतरली कधीच. तुम्हा सगळ्यांचा हाच समज. झोपेने डोळे उघडतात रे, रक्तातली दारू तिच्या वेळेनेच जाते. तिला आंघोळ घाला नाहीतर लवंग चारा. तू फुंकलास आणि लाल दिवा लागला. मर्यादेच्या दुप्पट. तुझ्या नावावर दोन लाल आधीच होते. तिसरा म्हणजे बडतर्फ, त्यात दयामाया नाही. तू नुसता माझ्याकडे बघत राहिलास. लहानपणी बघायचास ना, तसा.

मी तुझी चिठ्ठी फाडून घेतली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. नळी बदलली. तुझा बिल्ला क्रमांक पुन्हा दाबला आणि स्वतः फुंकलो. शून्य आलं. यायचंच, मी उभ्या जन्मात घेतलेली नाही. ते शून्य तुझ्या नावापुढे डकवलं, खाली सही केली आणि चावी तुझ्या हातात दिली. ‘सांभाळून जा’ असंही म्हणालो. म्हणजे बघ माझी अक्कल. आंधळ्याला डोंगराच्या कड्यावर नेऊन सोडायचं आणि वर सांगायचं, जपून पाऊल टाक.

पुढचं तुझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही, कारण तू पळालास. इस्पितळासमोरच्या वळणावर गाडी फुटपाथवर चढली, एक बाई खाली आली, आणि तू पुढच्या दारातून उतरून गल्लीत शिरलास. लोक मारतील म्हणून पळालो, असं तू नंतर सांगितलंस. लोक मारतात, खरं आहे. पण तू संध्याकाळी वकिलाला घेऊन चौकीत हजर झालास, तोवर बारा तास गेले होते. रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग राहिला एकच पुरावा, माझी वही. वहीत शून्य. म्हणजे चालक शुद्धीत होता, म्हणजे बाईच आडवी आली. एवढं सोपं गणित. तू निलंबित आहेस, घरी बसलायस, पण सुटशील याची तुला खात्री आहे. खात्री माझ्या फुंकरीवर.

मीही त्या खात्रीवर सात महिने जेवलो, झोपलो. मग गेल्या महिन्यात त्या बाईच्या घरी गेलो. का गेलो ते विचारू नकोस. पाय घेऊन गेले. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. डावा हात कोपरापासून गेलाय. मी कोण ते सांगितलं, डेपोतला तपासणारा. मला वाटलं दार तोंडावर आपटेल. तिने खुर्ची दिली. बसल्या बसल्या घरातल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एक टोक हनुवटीखाली, एक टोक हातात. घडी वाकडी व्हायची, ती पुन्हा उलगडायची. मी म्हटलं, राहू दे ना बाई. म्हणाली, चोवीस वर्षं हेच केलंय, बोटं ऐकत नाहीत. मग म्हणाली, बरं झालं आलात. मला एकच विचारायचं होतं. तुम्ही त्यांना तपासलं होतंत ना? मी मान हलवली. कशी हलवली, मला कळलं नाही. ती म्हणाली, म्हणजे माझंच चुकलं. मला आठवतं की मी फुटपाथवर होते, पण डोकं आपटल्यावर माणसाला काहीबाही आठवतं, असं वकील म्हणतात. तुमच्या वहीत शून्य आहे म्हटल्यावर मीच पाहिलं नसेल. माझा मुलगा मला सारखं म्हणतो, आई, तू नेहमीच घाईत असतेस.

चिमण्या, हात गेला तो गेलाच. पण त्या बाईला आपण तिच्या स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही ठेवू दिला नाही. ती फुटपाथवर उभी होती. नुसती उभी होती. आणि आज ती स्वतःच्या पोराकडून बोलणी खाते, माझ्या श्वासामुळे. कुंपणाने शेत खाल्लं तर शेताने कोणाकडे जायचं? मी चहा न घेता उठलो. ती म्हणाली, पुन्हा या.

आता बातमी. काल सकाळी मी चौकीत जाऊन जबाब दिला. सगळा. चष्म्याच्या डबीतली ती लाल चिठ्ठीही दिली. शाई उडायला आलीय, पण आकडा, तारीख आणि वेळ वाचता येते. वहीतल्या शून्याच्या दोन मिनिटं आधीची. समोर जी अधिकारी बाई होती, ती माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, आजोबा, हे लिहून घेतलं की तुमच्यावरही गुन्हा दाखल होतो, समजतंय ना? खोटी नोंद करणं, पुरावा लपवणं. पेन्शनही अडकेल. मी म्हटलं, समजतं, म्हणून तर सावकाश सांगतोय, नीट लिही. तुझं तिने बोटांवर मोजून सांगितलं. दारू पिऊन गाडी चालवणं, माणूस कायमचं जायबंदी करणं, जागेवरून पळणं. तुरुंग चुकत नाही. लायसन्स जन्मात परत मिळणार नाही. नोकरीचं तर बोलूच नकोस. मी विचारलं, मेव्हणे-दाजींना एकाच बराकीत ठेवता का हो? ती हसली नाही.

तू मला शिव्या देशील. दे. बायकोपोरांचं काय, म्हणशील. तुझी लेक इथे येऊन राहू शकते, हे घर तिचं आहे, त्यासाठी तुला विचारायची गरज नाही. तुझा वकील म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. म्हणू दे. पण एक सांगतो. मी तुला वाचवलं नव्हतं. मी तुला परत पाठवलं असतं तर तू नोकरी गमावली असतीस, दोन वर्षं माझ्याशी बोलला नसतास, कुठेतरी माल उतरवत असतास, आणि तिचे दोन्ही हात असते. मी माया केली, आणि त्या मायेने तुझं वाटोळं केलं. सोमवारच्या आत तू स्वतः जाऊन कबूल झालास तर न्यायाधीश ते पदरात घेतात, असं ती अधिकारी म्हणाली. किती घेतात ते ठाऊक नाही. पण माझ्यामागून जाण्यापेक्षा स्वतःच्या पायांनी जाणं बरं.

हे सगळं तुला कोर्टातून कळलंच असतं, त्यासाठी मी एवढी पानं खरडली नसती. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. जबाब संपताना त्या अधिकारी बाईने विचारलं, हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं होतं का? मी म्हटलं, नाही, कोणी नाही. ते खोटं आहे. तू खिडकीशी यायच्या पाऊण तास आधी खोपटातला फोन वाजला होता. तुझी ताई होती. म्हणाली, त्याला उठवलंय, नीट उभाही राहत नाही, पण आज अडवू नका हो त्याला, नोकरी जाईल पोराची, माझ्यासाठी एवढं करा. तीस वर्षांत तिने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं आणि मी दिलं. मी जबाब देऊन आल्याचं तिला अजून माहीत नाही. तो फोन तिने केला होता हे तुलाही ठाऊक आहे, निघताना तिनेच तुला सांगितलं असणार, म्हणून तर तू बिनधास्त फुंकलास. आता तुला विचारतील तेव्हा स्वतःला हलकं करायला तू तिचं नाव घेशील, या भीतीने मी काल रात्रीपासून बसून आहे. घेऊ नकोस. काय लादायचं ते माझ्यावर लाद, माझे खांदे अजून आहेत. खरं सांगून चोवीस तास झाले नाहीत आणि मी तुझ्यापुढे पुन्हा खोट्यासाठी हात पसरतोय. ती आत्ता स्वयंपाकघरात भांडी घासतेय. मी कोणाला लिहितोय ते तिने विचारलेलं नाही.

तुझाच, अजूनही,
दाजी