डोक्याशी भांडायचं नसतं

मॅडम, परवा दुपारी ऑपरेशन करताना माझा हात अडकला. बिडकीनहून आलेली पहिलटकरीण. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडून कितीतरी तास झालेले, कळा देऊन देऊन पोरगी थकलेली. सिझर घेतलं, छेदातून हात खाली सरकवला, तर बाळाचं डोकं कमरेच्या हाडांत पाचरीसारखं घट्ट बसलेलं. बोटं पुढं जाईनात, मागंही येईनात. मनगट बधिर झालं. भूल देणारे डॉक्टर दोनदा विचारतात, "काय झालं?" पण तेवढ्यात मी मनानं तुमच्या वॉर्डात जाऊन पोचलेली असते.

तेव्हा मी एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला होते. असंच डोकं, असाच अडकलेला हात, आणि मी घाबरून जोर लावला. पिशवी कडेनं फाटली, रक्तानं सगळं भरून गेलं. तुम्ही ग्लोव्ह्ज चढवून शेजारी उभ्या राहिलात. "हात काढ. डोक्याशी भांडायचं नसतं, पाय शोधायचे." तुमचा हात खाली गेलाच नाही, वर गेला. पाय आले, मग कंबर, पाठ, खांदे, आणि सगळ्यात शेवटी ते डोकं, जसं काही कधी अडकलंच नव्हतं. बाळ रडलं. पण रक्त थांबेना, शेवटी तिची पिशवी काढावी लागली.

हात धुताना तुम्ही विचारलंत, "शेवटचं कधी तपासलं होतंस हिला?"

"अर्ध्या तासापूर्वी, मॅडम."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि केसपेपरवर तेच लिहिलंत. बाहेर तिची सासू उभी होती. "आता पुन्हा लेकरू व्हायचं नाय का?"

"नाही होणार, आई," तुम्ही म्हणालात. "डोकं फार लवकर खाली उतरलं. आमच्या हातात वेळच राहिला नाही."

"बरं. हाय ते जित्तं हाय ना? लई उपकार झाले तुमचे." तिनं तुम्हाला हात जोडले. मी तुमच्या मागं उभी होते.

मी तीन तास तिच्या खाटेकडे फिरकले नव्हते. वॉर्ड भरलेला होता हे खरं, पण मध्ये मी चहा पिऊन आले हेही खरं. तिनं हाक मारली तेव्हा मी लांबूनच म्हणाले होते, "ओरडू नको, वेळ आहे अजून."

परवा मी हात काढून घेतला. पिशवी सैल पडायचं औषध द्यायला सांगितलं, वर चाचपत गेले, टाच हाताला लागली. बाळ आधी निपचित होतं, मग रडलं. आई सुखरूप आहे. माझ्या मदतनीस डॉक्टरनं विचारलं, "हे कुणी शिकवलं?" माझ्या मॅडमनी, म्हणाले. पुढचं सगळं ओठांवर आलं होतं, पण ती टाके घालत होती, मी नुसता दोरा कापून दिला.

तुम्ही आजारी होतात तेव्हा एकदा हे सांगायलाच हर्सूलला तुमच्या घरी आले होते. फाटकाच्या आतून तुमचं खोकणं ऐकू आलं. स्कूटर बंदसुद्धा न करता मी परत फिरले. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "काल यायचं होतं मॅडम, पण अचानक एक इमर्जन्सी आली."

"असू दे गं," तुम्ही म्हणालात. "पेशंट आधी."

मॅडम, त्या दिवशी माझ्याकडे एकही पेशंट नव्हती.