हँडलवालं की मोटारवालं

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत. वेळेवर जेवतो, खोकला गेला. तुझा गुडघा काय म्हणतो? लाँड्रीचं छत गळायचं थांबलं का? झाली विचारपूस, आता कामाचं.

माझे सध्याचे मालक, म्हणजे मेकॅनिककाका (मिशीतल्या मिशीत शिव्या देतात, पण चहा स्वतः करून पाजतात), त्यांनी तुझ्यासाठी दोन जुनी मशीनं बाजूला काढलीत. दोन्हींना वर रबरी रूळ, मधून कपडा घातला की पिळून पलीकडे. नीट पारखून सांग म्हणालीस, म्हणून एकच जाडजूड चादर दोन्हींत पिळून बघितली.

पहिलं हँडलचं. तांब्याचं पिंप, रूळ कडक. चादर जवळजवळ कोरडीच निघते. फिरवताना म्हाताऱ्यासारखं कण्हतं. पण माणसं दोन लागतात. एकानं हँडल मारायचं, दुसऱ्यानं पलीकडून कपडा ओढायचा.

दुसरं मोटारीचं. पांढरं, एका बाजूला टवका उडालेला. चादर जरा ओली राहते, पण बोट सापडलं तर वरच्या पट्टीवर चापट मारायची, रूळ लगेच उघडतात. एकट्या माणसाला पुरतं.

तर तू मोटारीचं घे.

इथलं मांजर मोटारवाल्याच्याच पिंपात झोपतं. काल मी त्याच्या अंगावर पाणीच सोडणार होतो! असो. कुठे होतो मी?

हां, हँडलवालं. पहिल्याच दिवशी त्यात माझा निळा शर्ट घातला, बटणं आत न दुमडता. टपाटप उडाली, एक काकांच्या चहात. समोर एक कपडे शिवणारी बसते, तिच्याकडे शर्ट नेला.

"बटणं आत घडी करून घालतात. कुणी शिकवलं नाही?"

"ताईनं शिकवलंय. हजारदा."

"मग?"

"मी तोवर पळालेलो असायचो."

ती इतकी हसली की तोंडातली टाचणी पडली. मग दोघं जमिनीवर टाचणी शोधत बसलो. शर्ट तिसऱ्यांदा नेला तेव्हा म्हणाली, "आता तू मुद्दाम करतोयस." आणि मशीन बघायला म्हणून स्वतःच आली. मी हँडल मारतोय, ती पलीकडून चादर ओढतेय. शेवटी काका ओरडले, "अरे, सुकली ती कधीच! सोडा तिला!"

ताई, तू म्हणशील, हँडलवालं चांगलं पिळतं, मग मला मोटारीचं का? हँडल मारायला मी कायमचा घरी येतो, असं मीच म्हणालो होतो ना. तू माझी खोलीसुद्धा झाडून ठेवली असशील. तेच लिहायचं टाळत मांजरापर्यंत गेलो.

हँडलवालं मी इथे ठेवतोय. काका मागची खोली देतायत, तिथे आम्ही दोघं धुलाई सुरू करू. म्हणजे तिनं हो म्हटलंय. म्हणजे सगळ्यालाच हो म्हटलंय. पण वर अट घातली, "तुझ्या ताईला मी पसंत पडले तरच."

रागाव, चालेल. मशीन घेऊन मी येतोय, तीही येतेय. घरातली सगळ्यात जाड चादर भिजत घाल आणि मोटार बंदच ठेव. एक टोक तू धर, एक तिच्या हातात दे, आणि हातानंच पिळा. तिची पकड बघ. मग काय ते सांग.

तुझाच,
आता एकाच जागी फिरायला शिकलेला
भिंगऱ्या