खळ्यातून गेलेले घोडे

पालघर, रविवार, १२ जानेवारी १९६४

दोन महिने वही उघडली नाही, चूक माझीच. आज वसंता, माझा कॉलेजपासूनचा मित्र, मला घोड्यावरून मुरब्याच्या किनाऱ्याने घेऊन गेला. टांगेवाला करीम वाट दाखवत पुढे होता. बोंबील वाळवायच्या खळ्यात कोळणी परक्याला शिरू देत नाहीत. मला पाहून जानकीबाई इतरांना म्हणाली, "गुरुजी हाय ना बरोबर, जाऊ दे गो!" वसंता घोड्यावरूनच कागदावर काहीतरी काढत होता. परतताना हसत म्हणाला, "आमच्या शेठला बंगल्याला हीच जागा हवी. तू नसतास तर त्यांनी आत घेतलं असतं का रे?"

जाऊ दे गो! कागद दिसला तेव्हाच मी का विचारलं नाही? घोड्यावर मिरवण्यात गुंगलो होतो, आणखी काय!

उद्या शाळेआधी मुरब्याला जाऊन जानकीबाईला सगळं सांगणे.