कापसाले कापूस, तुरीले तूर

गुरुजी, आज अमरावतीच्या शाळेत वरच्या वर्गाला आंशिक अपूर्णांक शिकवले आणि अकोल्यातली तुमची शाळा आठवली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मी तुमच्याकडे शिकत होतो तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती आणि इकडे कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. वेचणीला माणूस मिळेना, म्हणून एकेक बाप येऊन आपलं पोरगं शाळेतून उठवून नेत होता. बीजगणिताला शेवटी मी एकटा उरलो. एका सकाळी माझे बाबाही आले. "मास्तर, पोराले घेऊन चाललो. वावरात कापूस फुटून पडून राहिला." तुम्ही फळ्याकडे बोट दाखवलंत. "न्या. पण एवढं गणित सुटू द्या." बाबा पागोटं काढून उंबऱ्यावर टेकले.

फळ्यावर एक अपूर्णांक आहे. वर पाच क्ष अधिक एक, खाली क्ष वजा एक आणि क्ष अधिक दोन यांचा गुणाकार. त्याचे दोन तुकडे करायचे, एकाच्या डोक्यावर अ, दुसऱ्याच्या ब. मी सांगून टाकतो, अ दोन, ब तीन. तुम्ही विचारता, "कशावरून?" "अंदाजानं. जुळून राहिलं ना." तुम्ही माझ्या हातातली पाटी काढून घेता. "उत्तर बरोबर आलं, हे जास्त वाईट. उद्या तीन अक्षरं आली तर कोणाच्या तोंडाकडे पाहशील?" बाबांदेखत बोललात. माझे कान तापले.

मग छेद काढून तुम्ही दोन्ही बाजू मांडल्यात आणि म्हणालात, या दोन्ही सारख्याच. इकडे पाच क्ष आणि सुटा एक. तिकडे अ अधिक ब इतके क्ष, आणि सुटे दोन अ वजा ब. मी अडलो. समीकरण एक, अज्ञात दोन. तेवढ्यात उंबऱ्यावरून बाबा म्हणाले, "दोन गाड्यांत माल सारखाच हाय म्हनता ना मास्तर? मंग कापसाले कापूस लावा, तुरीले तूर. सरमिसळ कायले करता?"

तुम्ही खडू खाली ठेवलात. "हेच. याहून जास्त मलाही सांगता येत नाही." अ अधिक ब पाच, दोन अ वजा ब एक. बेरीज केली, तीन अ सहा. अ दोन, ब तीन, या वेळी कारणासकट. बाबांनी पागोटं बांधलं. "राहू द्या त्याले. वेचू आमी." त्या हंगामात सगळं वावर आईनं आणि बाबांनी दोघांनीच वेचलं.

पुढे अमरावतीच्या परीक्षेत खरंच तीन अक्षरं आली. ते गणित पुरं करणारा मी एकटा. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "कोणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं, मग बाबांचं. "तेही मास्तर?" "नाही. शेती करतात." हे सांगताना माझी मान जेवढी ताठ होती, तेवढी नंतर कधीच झाली नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? टेबलाच्या खणात राहील. एक मात्र सांगून टाकतो. निकाल घेऊन तुमच्या दारी आलो तेव्हा म्हणालो होतो, अमरावतीहून थेट इकडेच येतोय. ते खोटं होतं. आधी वावरात बाबांकडे गेलो होतो.