पाळण्याची खोली आणि धुतलेल्या पिशव्या

सौ. विहीणबाईंना आदरपूर्वक नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला थांबला का? इकडे हे ठीक आहेत, म्हणजे जेवतात आणि गप्प बसतात. माझंही बरं चाललंय असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

पत्राला तसं विशेष कारण नाही. मागच्या पंधरवड्यात आपली लेक बाळाला घेऊन इथवर आली आणि खोलीच्या उंबऱ्यावरूनच आपल्याकडे परतली, त्याबद्दल तिने सगळं सांगितलंच असेल. (ती खोटं बोलणारी नाही, हीच पंचाईत.) माझी बाजू तेवढी कानावर घालते.

बाळंतपणाचा दिवस आठवा. आत डॉक्टरीणबाई काही बोलेनात, बाहेर बाकावर आपण दोघी. आपण जप करत होतात. माझ्या हातात यंत्रातल्या चहाचा प्लास्टिकचा कप आणि समोर तसल्याच कपांनी ओसंडणारी टोपली. देवाला काहीतरी द्यायला हवं होतं. गोड मी मुलाच्या परीक्षेपायी आधीच सोडलेलं, चहा सोडवत नाही. मग डोळ्यांपुढे होतं तेच बोलून गेले, की देवा, दोन्ही जीव सुखरूप बाहेर येऊ देत, यापुढे माझ्या हातून प्लास्टिक कचऱ्यात जाणार नाही. तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. इतक्या तातडीने ऐकणाऱ्या देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा, सांगा.

मला वाटलं, घरात प्लास्टिक आणायचंच नाही, म्हणजे टाकायचा प्रश्नच मिटला. डबे घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने आधी माझा पितळी डबा तराजूत ठेवला, मान हलवली आणि काढला. मग प्लास्टिकच्या पिशवीत साखर भरली, तोलली, माझ्या डब्यात ओतली आणि पिशवी भिरकावून म्हणाला, "घ्या काकू, तुमचं बिनप्लास्टिकचं!" आता ती पिशवी माझ्यापायी फुकट गेली ना? (पाप त्याचं की माझं, हे ठरवण्याइतकी मी शिकले नाही, मॅट्रिकलाच थांबले.) उचलून आणली, धुतली, वाळत घातली.

तिथून जे सुरू झालं ते आवरेना. दुधाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, ह्यांचे दात गेलेले कंगवे. येणारा पाहुणा काहीतरी प्लास्टिकात गुंडाळूनच आणतो, आणि आलेलं बाहेर जात नाही. मी घरखर्च लिहिते, मला आवक-जावक कळते. नुसती आवकच असली तर दुकान बुडतं किंवा गोदाम होतं. आमचं गोदाम झालं. त्यात शेजारणींना वाटलं मी हे गोळा करते, म्हणून त्या आपापले रिकामे डबे दाराशी ठेवून जाऊ लागल्या. कौतुकाने हो! एक तर म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय." जग चालत असेल, आमच्या स्वयंपाकघरात मात्र चालायला जागा नव्हती. म्हणून एकेक करत सगळं रिकाम्या खोलीत नेऊन ठेवलं. रिकामी खोली कुठली, ते आपल्याला ठाऊक आहे. भिंतींना रंगही बाळासाठीच दिलेला.

हे चिडत नाहीत, त्याचंच वाईट वाटतं. परवा दोरीवरच्या पिशव्या बाजूला सारून खिडकीतून बाहेर बघत बसले होते. म्हणाले, "मी गेलो की मलाही धुऊन वाळत घालशील." मी हसले. ते हसले नाहीत.

आपली लेक आली तेव्हा मुलाने खोलीचं दार ढकललं आणि आतला ढीग घसरून त्याच्या पायांवर आला. बाळ दचकून रडलं. पाळणा कुठे आहे ते मलाही पटकन सांगता येईना, तो तळाशी होता. मुलगा ओरडला, "आई, इथे माणसं राहायची आहेत की बाटल्या?" त्याचं मी मनावर घेत नाही, तो ओरडतोच. पण सूनबाई अगदी हळू म्हणाली, "आई, हिला ठेवू कुठे?" ज्या जिवासाठी नवस बोलले, त्यालाच घरात जागा उरली नाही. ती परतल्यापासून घरात बोलायला विषय नाही. दोरीवरच्या पिशव्या वाऱ्याने सळसळतात, तेवढाच आवाज.

असो. आपला राग नसावा. नातीला माझ्या वाटचा पापा द्यावा.

आपली,
विहीण

ता. क. : ह्यांनी टाकलं तर माझ्याच हातून टाकल्यासारखं, नवराबायकोचं पापपुण्य एक. मुलगा माझ्या पोटचा, त्याचा हात तो माझा हात. सूनबाई आता आमच्या घरची. शेजारणींना सांगावं तर लाज वाटते. पण आपण विहीणबाई, आपल्या हातांबद्दल देवाशी माझं काहीच बोलणं झालेलं नाही. बाळाला आणायच्या एक दिवस आधी आपण इकडे येऊन ती खोली रिकामी कराल का? मी त्या वेळी देवळात जाऊन बसेन. गुडघ्यांचं म्हणाल तर जिना नाही आणि बाहेर न्यायला पिशव्यांची कमतरता नाही.

ता. क. २ : सगळं टाकलंत तरी चालेल. देवघरातल्या खालच्या फळीवर एक चहाचा कप उपडा ठेवला आहे, तेवढा राहू द्यावा. त्या दिवशी बाकावर माझ्या हातात होता तोच.